गोलकिपरने चेंडू जवळ का द्यावा आणि कधी देऊ नये

सिंधुदुर्गातील एका माध्यमिक शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी विचारले आहे: "आमची मुले मोबाइलवर मँचेस्टर सिटीचे सामने पाहतात आणि गोलकिक मिळाली की चेंडू लांब न मारता शेजारच्या सेंटर बॅककडे सरकवतात. या मोसमात अशा पासांवर आम्ही चार गोल खाल्ले. काठावरचे पालक 'मार रे भायर' म्हणून ओरडतात. व्यावसायिक संघ हा धोका का पत्करतात, त्यांच्यावर प्रेसिंग कसे केले जाते आणि आमच्या जांभ्याच्या मैदानावर यातले काय घ्यावे?"

सर, आधी एक साधा हिशेब मांडतो. चेंडू आपल्या गोलकिपरच्या पायाशी असतो तेव्हा आपला संघ अकरा जणांचा असतो. समोरच्या संघाला मात्र स्वतःचा गोलकिपर मागे ठेवावा लागतो, म्हणून आपल्यावर धावून येण्यासाठी त्याच्याकडे दहाच माणसे उरतात. याचा अर्थ मैदानावर आपला एक खेळाडू नेहमी मोकळा असतो. तो कोण आहे हे शोधणे म्हणजे बिल्ड-अप, आणि तो आपल्याला दिसू न देणे म्हणजे प्रेसिंग. तुमच्या मुलांनी मोबाइलवर पास पाहिला. त्या पासाआधी गोलकिपरने मान वर करून समोरून किती जण येत आहेत हे मोजलेले असते, ते त्यांना दिसले नाही, कारण कॅमेरा त्या वेळी बहुधा आधीच्या हल्ल्याची पुनर्दृश्ये दाखवत असतो. चार गोलांचे मूळ मला तरी तिथे दिसते.

नियमांनी या खेळाला कसे वळण दिले तेही लक्षात घ्यायला हवे. १९९२ मध्ये सहकाऱ्याने जाणूनबुजून पायाने दिलेला चेंडू गोलकिपरने हातात घेण्यावर बंदी आली आणि गोलकिपरला पाय वापरणे भाग पडले. दुसरा बदल २०१९ चा. त्याआधी गोलकिक (समोरच्या संघाकडून चेंडू आपल्या गोलरेषेबाहेर गेल्यावर आपण गोलजवळून मारायची किक) पेनल्टी बॉक्सच्या बाहेर गेल्याशिवाय खेळात धरली जात नसे, त्यामुळे पास घेणारा सोळा-सतरा मीटर पुढे आणि विरोधी खेळाडूच्या नजरेसमोर असे. आता चेंडूला लाथ बसून तो हलला की खेळ सुरू होतो, पास बॉक्सच्या आतच घेता येतो आणि चेंडू हलेपर्यंत विरोधकांना बॉक्सबाहेर थांबावे लागते. गोलएरियाची, म्हणजे गोलसमोरच्या छोट्या चौकटीची, रेषा गोलरेषेपासून ५.५ मीटरवर आणि बॉक्सची १६.५ मीटरवर असते. म्हणजे गोलएरियाच्या रेषेवर उभ्या असलेल्या सेंटर बॅकपासून (मधल्या बचावपटूपासून) समोरचा स्ट्रायकर किमान ११ मीटर दूर असतो. ते अंतर कापायला चपळ खेळाडूला साधारण दोन सेकंद लागतात. पहिला स्पर्श, अंग उघडणे, मान वळवणे आणि पुढचा पास, एवढे सगळे त्या दोन सेकंदांत बसले पाहिजे. ज्याचा पहिला स्पर्श चेंडू एक मीटर दूर ढकलतो त्याच्यासाठी तो वेळ अर्ध्यावर येतो. व्यावसायिक आणि शाळकरी खेळाडूंमधला खरा फरक इथे आहे. धाडस दोघांकडेही सारखेच असते.

आता एकच चाल जवळून पाहू. आपले दोन सेंटर बॅक गोलएरियाच्या दोन बाजूंना आहेत, एक मिडफिल्डर बॉक्सच्या टोकाशी गोलकडे तोंड करून उभा आहे आणि दोन्ही फुलबॅक (कडेचे बचावपटू) टचलाइनला, म्हणजे मैदानाच्या लांब बाजूच्या रेषेला, चिकटून आहेत. गोलकिपरने डाव्या सेंटर बॅकला पास दिला. समोरचा स्ट्रायकर त्याच्यावर सरळ धावत नाही. तो वाकडी, कमानीसारखी धाव घेतो, जेणेकरून गोलकिपर आणि उजवा सेंटर बॅक या दोघांकडे परत जाणारी वाट त्याच्या अंगाआड राहावी. एका माणसाने दोन पास बंद केले. यालाच खेळातले लोक 'सावलीत घेणे' म्हणतात. डाव्या सेंटर बॅकला आता डावा फुलबॅक दिसतो, पण त्यांचा विंगर (कडेचा आक्रमक) मुद्दाम दोन पावले मागे थांबलेला असतो. पास निघाला की तो झेपावणार आणि फुलबॅकच्या एका बाजूला टचलाइन, पुढे विंगर आणि मागून तोच स्ट्रायकर अशी कोंडी होणार. टचलाइन कधी दमत नाही आणि कधी चुकत नाही, म्हणून प्रेसिंग करणारा संघ चेंडू नेहमी तिच्याकडे ढकलतो. तुमचे चार गोल तपासून पाहा. त्यांतले निदान दोन असे कडेला कोंडून, घाबरून आत मारलेल्या पासावर गेले असावेत, असा माझा अंदाज आहे.

या कोंडीतून चांगले संघ सुटतात ते तिसऱ्या माणसामुळे. सेंटर बॅक चेंडू फुलबॅकला न देता मधल्या मिडफिल्डरला देतो. त्या मिडफिल्डरच्या पाठीवर त्यांचा माणूस असतो, त्याला वळता येत नाही, आणि त्याने वळायचा प्रयत्न करूही नये. पण चेंडू आत गेला की बाहेर दबा धरून बसलेल्या विंगरची नजर आणि दोन पावले आपसूक आत येतात. त्याच क्षणी मिडफिल्डर एका स्पर्शात चेंडू डाव्या फुलबॅकच्या पुढे सोडतो. फुलबॅक तोच आणि जागाही तीच, पण आता त्याचे तोंड समोरच्या गोलकडे आहे आणि त्यांची पाच माणसे चेंडूच्या मागे राहिली आहेत. सेंटर बॅकने थेट दिलेला पास सापळा ठरला असता. मिडफिल्डरकडून फिरून आलेला तोच पास सुटका ठरला. त्या आखूड पासांची किंमत व्यावसायिक संघ एवढ्यासाठी मोजतात. चेंडू ताब्यात ठेवण्याची हौस हे त्यामागचे कारण नाही. समोरच्या पाच-सहा जणांना आपल्या बॉक्सपर्यंत ओढून आणणे आणि त्यांच्या पाठीमागची मोकळी जागा वापरणे, यासाठी ते चालते.

म्हणून समोरचा संघ आलाच नाही तर आखूड पासांना काही अर्थ उरत नाही. प्रशिक्षक रॉबर्टो दे झेर्बी २०२२ च्या सप्टेंबरात ब्रायटन या इंग्लिश क्लबकडे आले तेव्हा त्यांचे सेंटर बॅक चेंडूवर तळवा ठेवून चक्क उभे राहत. घरी टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला तो आळस वाटे. प्रत्यक्षात तो आमिषाचा प्रकार होता: चेंडू थांबला की समोरच्या स्ट्रायकरला राहवत नाही, तो झेप घेतो आणि त्याने सोडलेल्या जागेतून पास जातो. त्या मोसमात ब्रायटन प्रीमियर लीगमध्ये सहावे आले आणि क्लबच्या इतिहासात प्रथमच युरोपीय स्पर्धेत पोचले. पुढे मात्र अनेक संघ शहाणे झाले. ते झेप न घेता मधली वाट अडवून उभे राहू लागले आणि मग तळव्याखालचा चेंडू नुसताच तळव्याखाली राहिला. अशा वेळी एकच उत्तर असते: सेंटर बॅकने स्वतः चेंडू घेऊन पुढे चालत जायचे, कोणीतरी अडवायला येईपर्यंत. सतरा वर्षांखालील मुलांना हा तळव्याचा प्रकार शिकवू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्यातली थांबण्याची कला त्यांना जमत नाही आणि फक्त ऐट उरते.

लांब चेंडूबद्दलही एक गैरसमज आहे. लांब मारणे म्हणजे मागासलेपण आणि जवळ देणे म्हणजे आधुनिकता, अशी वाटणी मुलांच्या डोक्यात बसली आहे. २०१७ मध्ये बेन्फिका क्लबकडून मँचेस्टर सिटीत आलेल्या एडरसन या गोलकिपरला प्रशिक्षक पेप ग्वार्डिओला यांनी इतके महत्त्व दिले ते केवळ त्याच्या आखूड पासांमुळे नव्हे. गोलकिकवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड (विरोधी बचावफळीच्या मागे उभे राहून पास घेतल्याचा दोष) नसतो. सिटीचा एखादा स्ट्रायकर विरोधी बचावफळीच्याही मागे जाऊन उभा राहिला की त्या बचावाला त्याच्यासोबत मागे सरकावेच लागे, कारण एडरसनची किक तिथवर पोचते हे सर्वांना ठाऊक होते. पुढचे प्रेसिंगला येणार, मागचे माघार घेणार, आणि मधोमध चाळीस-पन्नास मीटरचे मोकळे मैदान पडणार. लांब किकची नुसती भीती होती म्हणून आखूड पास सोपा झाला. तुमच्या गोलकिपरला चाळीस मीटर नीट मारता येत नसेल तर समोरचा संघ बिनधास्त वर येईल आणि तुमचे आखूड पास आणखी अवघड होतील. म्हणून गोलकिपरच्या लांब किकचा सराव हा बिल्ड-अपचाच सराव समजा.

प्रेसिंगकडे वळतो. किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिलेल्या माणसाला ते समजावणे सोपे जाते. होडी अर्धवर्तुळात जाळे टाकत जाते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरच्या दोन टोळ्यांच्या हातात असतात आणि त्या सारख्या जोराने ओढत हळूहळू एकमेकींकडे सरकतात. एका टोळीने घाई केली तर जाळे तिरके होते. तळाचा दोर जमिनीवरून उचलला गेला तर मासळी खालून निसटते. प्रेसिंगमध्ये बहुतेक संघ या दुसऱ्या चुकीने बुडतात. पुढचे तिघे जीव तोडून धावतात, पण मागची फळी भीतीने तिथेच थांबते, आणि मधल्या पोकळीत एक साधा पास आला की तिघांची धाव वाया जाते. प्रशिक्षक आरिगो साक्की यांच्या ए. सी. मिलानने १९८९ आणि १९९० मध्ये लागोपाठ युरोपियन कप जिंकला, त्या संघात पहिल्या आणि शेवटच्या खेळाडूतले अंतर सुमारे २५ मीटर राहावे असा साक्कींचा आग्रह असे. मैदान १०५ मीटर लांब आहे हे लक्षात घेतले तर हा आग्रह किती कडक होता ते कळेल. पुढे धावणे सगळेच शिकवतात. मागच्यांना पुढे सरकायला शिकवणे हे खरे प्रेसिंगचे प्रशिक्षण.

दुसरी गोष्ट वेळेची. चेंडूमागे सतत धावणे म्हणजे प्रेसिंग नव्हे. सगळा संघ एकाच खुणेवर निघाला पाहिजे, आणि त्या खुणा ठरलेल्या असतात: प्रतिस्पर्ध्याचा पहिला स्पर्श लांब गेला, पास हवेतून किंवा संथ आला, घेणाऱ्याचे तोंड स्वतःच्या गोलकडे आहे, चेंडू टचलाइनजवळ गेला किंवा मागे गोलकिपरकडे गेला. यांतली एक खूण दिसली की सर्वांनी निघायचे, तोवर जागा धरून राहायचे. आमच्याकडील दमट हवेत ही शिस्त दुप्पट महत्त्वाची ठरते. ऑक्टोबरच्या उन्हात नव्वद मिनिटे प्रेसिंग करणे कोणालाही शक्य नाही. मी माझ्या संघाला प्रत्येक अर्धात दोन-तीन ठरावीक काळ देतो, बहुधा सुरुवातीची दहा मिनिटे आणि आपण गोल केल्यानंतरची पाच, आणि उरलेल्या वेळात मधल्या रेषेपाशी आखडून बसायला सांगतो.

चेंडू गमावल्याच्या क्षणी केलेले प्रेसिंग हा याचाच वेगळा आणि माझ्या मते सर्वांत किफायतशीर प्रकार आहे. प्रशिक्षक युर्गेन क्लॉप यांनी डॉर्टमुंड आणि लिव्हरपूल येथे त्यावर संघ उभे केले. चेंडू नुकताच हिसकावलेल्या खेळाडूची नजर अजून चेंडूवर असते, त्याचे सहकारी बचावाच्या जागांवर आखडलेले असतात, पास देण्याजोगे मैदान त्याने अजून पाहिलेलेच नसते. त्या चार-पाच सेकंदांत त्याला गाठले तर चेंडू त्यांच्याच गोलजवळ परत मिळतो. पण त्यासाठी आपली तीन-चार माणसे चेंडूच्या आसपास आधीच असावी लागतात, आणि ती असतात ती आपण जवळजवळ राहून पास देत पुढे आलो असू तरच. म्हणजे बिल्ड-अप नीट असेल तर प्रेसिंगची अर्धी तयारी आपोआप होते. लांब चेंडू मारून त्यामागे धावणाऱ्या संघाला ही सोय मिळत नाही. तिथे हवेतून खाली पडणाऱ्या चेंडूभोवती आधीच माणसे गोळा करावी लागतात.

माणसाला माणूस लावून प्रेसिंग करायचे की जागा धरून, हा वाद जुना आहे आणि तो मी इथे मिटवणार नाही. प्रशिक्षक जान पिएरो गास्पेरिनी यांच्या अटलांटाने २२ मे २०२४ रोजी डब्लिनमध्ये युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात माणसाला माणूस लावून बायर लेव्हरकूसनला ३-० हरवले, आदेमोला लुकमनने तिन्ही गोल केले आणि लेव्हरकूसनची ५१ सामन्यांची अपराजित वाटचाल तिथे थांबली. त्या रात्री लेव्हरकूसनच्या खेळाडूला चेंडू घेऊन वळायला क्षणभरही मिळत नव्हता. पण या पद्धतीत मागे जादा माणूस उरत नाही; एक जण ड्रिबल करून (चेंडू पायाशी खेळवत चकवून) सुटला की सगळी साखळी तुटते. शाळेच्या संघाला मी ती देणार नाही.

आपल्या शेजारचेच एक उदाहरण घ्या. १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्याला, कोविडमुळे रिकाम्या असलेल्या स्टेडियमवर, मुंबई सिटी आणि एटीके मोहन बागान यांच्यात इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) अंतिम सामना झाला. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांची मुंबई मागून पास देत खेळणारी. अठराव्या मिनिटाला मुंबईचा मिडफिल्डर अहमद जाहू आपल्याच बॉक्सच्या दिशेने चेंडू धरून असताना बागानच्या रॉय कृष्णाने त्याला गाठले आणि डेव्हिड विल्यम्सने गोल केला. इथवरची गोष्ट पालकांना आवडेल. पण मुंबईने खेळ बदलला नाही. बागानच्या तिरीच्या स्वयंगोलने बरोबरी झाली, आणि नव्वदाव्या मिनिटाला लांबून आलेल्या चेंडूवर बागानच्या बचावात गोंधळ झाला, मुंबईच्या ओगबेचेने तो हेरला आणि बिपिन सिंगने विजयी गोल केला. एक गोल मागून खेळताना गेला, एक लांब चेंडू साफ करता न आल्याने. धोका दोन्हीकडे असतो. मागून खेळताना गेलेला गोल मात्र डोळ्यांत भरतो आणि वर्षभर बोलला जातो.

मोसमाच्या शेवटी पीपीडीए या आकड्याबद्दलही तुम्हाला कोणी विचारील. समोरच्या संघाने स्वतःकडील तीन-पंचमांश मैदानात किती पास केले, याला आपण तिथे केलेल्या टॅकल (चेंडू हिसकावणे), इंटरसेप्शन (पास मध्येच अडवणे), फाउल वगैरे कृतींनी भागले की तो मिळतो. आकडा लहान तितके प्रेसिंग जास्त. पण जास्त प्रेसिंग म्हणजे चांगले प्रेसिंग असे त्यातून निघत नाही, आणि शालेय सामन्यात तो मोजण्यात शिक्षकाने वेळ घालवू नये.

राहिला जांभ्याचा प्रश्न. माझ्या संघानेही अशाच मैदानावर गोलएरियाच्या रेषेवरून दिलेला पास कातळाच्या उंचवट्यावर आपटून, सेंटर बॅकच्या गुडघ्याला लागून गोल खाल्ला आहे, आणि त्या दिवशी पालकांच्या आधी मीच 'मार रे फुडे' म्हणून ओरडलो होतो. सामन्याआधी दोन्ही बॉक्सची जमीन चालून पाहा. एक बाजू सपाट असेल तर त्याच बाजूला आखूड पास द्यायचा, दुसऱ्या बाजूला कधीच नाही, असे मुलांना सांगा. पावसात, गोलएरियात पाणी साचले असताना, आखूड पास देऊच नका, कारण साचलेल्या पाण्यात चेंडू थांबतो आणि समोरचा स्ट्रायकर थांबत नाही. मात्र तेव्हाही लांब किक आंधळी नको. ती कुठल्या बाजूला पडणार हे आधी ठरवा आणि तिथे खाली पडणाऱ्या चेंडूसाठी चार जण उभे करा.

सरावासाठी एकच खेळ पुरेसा आहे. गोलकिपर, दोन सेंटर बॅक, दोन फुलबॅक आणि एक मिडफिल्डर एका बाजूला. समोर कधी तीन, कधी पाच, कधी सहा जण. किती येणार हे प्रत्येक वेळी तुम्ही बोटांनी त्यांनाच दाखवा, गोलकिपरला नव्हे. पास देण्याआधी गोलकिपरने समोरून येणाऱ्यांचा आकडा मोठ्याने म्हणायचा: चारपर्यंत असतील तर जवळ द्यायचे, पाच किंवा अधिक असतील तर लांब. आकडा न म्हणता दिलेला पास यशस्वी झाला तरी रद्द. पहिले दोन आठवडे हे फार रटाळ वाटेल. आमच्याकडे तिसऱ्या आठवड्यात गोलकिपर आकडा म्हणायचा विसरला तर सेंटर बॅकच त्याला "किती रे, मेल्या?" म्हणून विचारू लागला.

आणि पुढच्या सामन्याचे चित्रीकरण टचलाइनवरून न करता शक्य असेल तर आपल्या गोलच्या मागून, एखाद्या गच्चीवरून किंवा गडग्यावर उभे राहून करा. गोल झाला की चुकलेला पास बाजूला ठेवून त्याआधीची दहा सेकंदे मुलांना दाखवा आणि त्या वेळी आपला मोकळा माणूस कुठे उभा होता ते त्यांनाच बोट ठेवून दाखवायला सांगा.